हायलाइट्समध्ये न दिसणारा नऊ नंबर: लुओल डेंगची शिकागोतली साडेनऊ वर्षं

माझ्याकडे बास्केटबॉल शिकणाऱ्या एका सतरा वर्षांच्या पोराने परवा विचारलं, सर, तुम्ही सारखं डेंग डेंग करता, मी काल रात्री बसून त्याचे हायलाइट्स बघितले, दहा मिनिटांत संपले, लक्षात राहील असा एक धड डंक नाही त्यात, मग शिकागो बुल्सने त्याला एवढी वर्षं ठेवला कशाला आणि तुम्ही आम्हाला तोच का बघायला लावता? आणि तो ब्रिटिश कसा, नाव तर तसं वाटत नाही. प्रॅक्टिस संपली होती, कोर्टचे लाइट बंद करायचे होते, मी काहीतरी दोन वाक्यं बोलून त्याला कटवलं आणि घरी येईपर्यंत मलाच ते उत्तर पटेना. म्हणून आता नीट लिहितोय. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

आधी ब्रिटिशचं बघू, ते सोपं आहे. म्हणजे सोपं नाहीये, पण पटकन सांगून होतं. लुओल डेंगचा जन्म 1985 चा, सुदानमधल्या वाऊ गावचा, आज ते दक्षिण सुदानमध्ये येतं. डिंका समाजातला. वडील आल्डो डेंग तिथल्या सरकारात मंत्री होते, यादवी पेटली तशी त्यांनी घरच्यांना इजिप्तला हलवलं. तिथे मनूट बोल भेटला, तोच तो एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, सात फूट सात इंच उंचीचा, तोही डिंकाच, त्याने लुओलच्या मोठ्या भावांना बास्केटबॉल दाखवला आणि धाकटा बाजूला उभा राहून बघत बघत शिकला. पुढे या कुटुंबाला ब्रिटनने आश्रय दिला आणि सगळे दक्षिण लंडनमध्ये आले. तिथे पोरगं फुटबॉलपण खेळायचं, आर्सेनलचा फॅन तो आजही आहे, पण हळूहळू ब्रिक्स्टन टॉपकॅट्स नावाच्या क्लबात रमला. जिमी रॉजर्स म्हणून कोच होते, 2018 मध्ये गेले, त्यांनी त्या भागातल्या कित्येक पोरांना रस्त्यावरून उचलून कोर्टवर आणलं. चौदाव्या वर्षी लुओल अमेरिकेला शाळेत गेला, न्यू जर्सीतल्या ब्लेअर अकॅडमीत, मग एक वर्ष ड्यूक युनिव्हर्सिटीत, आणि 2004 मध्ये थेट एनबीए. गंमत बघ, ब्रिटिश नागरिकत्वाचा कागद त्याच्या हातात पडला 2006 मध्ये, तोवर बुल्सकडून त्याचे दोन सीझन खेळून झाले होते. मग ब्रिटनच्या टीमकडून खेळायला लागला. अजून एक, त्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नव्या पोरांना नंबराने निवडतात त्या कार्यक्रमात, बुल्सने तिसऱ्या नंबरवर घेतलेला बेन गॉर्डनही जन्माने लंडनचाच, पण तो वाढला न्यूयॉर्ककडे, त्याच्या बोलण्यात लंडन औषधालाही नव्हतं.

आता शिकागो. डेंगला सातव्या नंबरवर घेतलं होतं फिनिक्सने, पण ते बुल्ससाठीच ठरलेलं होतं, बदल्यात बुल्सने दिला एक दुसऱ्या राउंडचा खेळाडू, थोडी रोख आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क. त्या पिकवर 2005 मध्ये निवडला गेला नेट रॉबिन्सन. हे नाव लक्षात ठेव, पुढे येईल.

2004 चं शिकागो म्हणजे काय ते तुला आज कळणार नाही. 1998 ला जॉर्डन गेला आणि त्यानंतर सहा वर्षं त्या टीमने प्लेऑफचं तोंड बघितलं नव्हतं. स्टेडियमच्या छताला सहा चॅम्पियनशिपचे बॅनर लटकतायत आणि खाली रोज मार खाल्ला जातोय. अशा घरात डेंग, गॉर्डन, क्रिस डुहॉन ही कोवळी पोरं आली, अर्जेंटिनाचा नोचिओनी आला, कोच होता स्कॉट स्काइल्स, कडक माणूस. पहिल्या नऊच्या नऊ मॅच हरले. नऊ! आपल्याकडे असतं तर कोचला तिसऱ्यालाच घरी पाठवला असता. पण त्याच टीमने सीझन संपवला 47 विजय आणि 35 पराभवांवर आणि प्लेऑफमध्ये गेली. डेंग त्या वर्षी नवोदितांच्या पहिल्या संघात निवडला गेला. पण प्लेऑफ नाही खेळला, मनगट गेलं होतं. हे पण लक्षात ठेव, कारण त्याच्या करिअरचं हे एक विचित्र दुखणं आहे, वर्षभर राबायचं आणि पंगत बसायच्या वेळी आजारी पडायचं.

त्याचं बॅटिंगसारखं साधं वाचता येणारं वर्ष हवं असेल तर ते 2006-07 चं. 82 पैकी 82 मॅच, मॅचला 18.8 पॉइंट, 7.1 रिबाउंड, शूटिंग 51.7 टक्के. आणि हे सगळं थ्री, म्हणजे लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट, जवळजवळ न मारता. आजच्या पोरांना हे ऐकून चक्कर येते, सहा फूट नऊ इंचाचा विंग प्लेयर थ्री मारत नाही म्हणजे काय. तर तो काय करायचा ते सांगतो, कारण तुला मी बघायला सांगतो ते हेच.

बेसलाइनजवळ उभा राहायचा, बास्केटच्या जरा बाजूला, दोन्ही हात खाली, बघणाऱ्याला वाटावं हा दमलाय. वरून एक मोठा प्लेयर खाली येऊन त्याच्या डिफेंडरला स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा. आता इथे आपली पोरं काय करतात, स्क्रीन येतोय दिसलं की लगेच पळतात. डेंग थांबायचा. डिफेंडर स्क्रीनवर आदळेपर्यंत थांबायचा, आधी एक पाऊल उलट्या दिशेने टाकायचा, मग स्क्रीन लावणाऱ्याच्या खांद्याला खांदा घासून वळायचा. घासून म्हणजे खरोखर घासून, मध्ये कागदसुद्धा जाणार नाही असा. डिफेंडर मागे राहिला तर वळसा घेऊन सरळ बास्केटकडे, डिफेंडरने शॉर्टकट मारला तर हा एक पाऊल बाहेर सरकून फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर बॉल घ्यायचा आणि एक-दोन पावलं, शॉट. एकही ड्रिबल नाही. बघायला एकदम कंटाळवाणं. पण एका मॅचमध्ये हे आठ-नऊ वेळा होतं आणि समोरचा चौथ्या क्वार्टरमध्ये पायातून संपलेला असतो. हायलाइट बनवणारा माणूस बॉल डेंगच्या हातात आल्यापासून क्लिप सुरू करतो, आणि खरं काम तर त्याच्या आधीच्या चार सेकंदांत झालेलं असतं. म्हणून तुझे दहा मिनिटांत संपले.

त्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्या राउंडला समोर मायामी होती, आदल्या वर्षीची चॅम्पियन, शाकिल ओनील आणि ड्वेन वेडवाली. पहिल्याच मॅचला डेंगने 33 टाकले आणि बुल्सने ती सीरिज 4-0 ने धुतली. पुढे डेट्रॉइटने अडवलं, पण शिकागोला वाटायला लागलं की आता आपलं काहीतरी होतंय. सीझनअखेरीस त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कारपण मिळाला, जो बाकीच्या प्लेयर्सच्या मतांवर ठरतो.

आणि मग तो प्रसिद्ध किस्सा. 2007 मध्ये कोबी ब्रायंटला लेकर्स सोडायचं होतं आणि त्याला शिकागोला यायचं होतं. अदलाबदलीत लेकर्सना डेंग हवा होता, आणि कोबीचं म्हणणं असं की डेंगच जाणार असेल तर मी तिकडे येऊन करू काय. झालं, फिसकटलं. लोक हे डेंगच्या कौतुकाने सांगतात आणि ते खरंच आहे, पण मी दुसऱ्या बाजूनेपण बघतो, बावीस वर्षांच्या पोराला पेपर उघडला की रोज वाचायला मिळतं की त्याच्या बदल्यात कोण येऊ शकतो. त्या सीझनला अख्खी टीमच विस्कटली, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी स्काइल्सला काढलं, 33 जिंकल्या आणि 49 हरल्या.

त्याचं फळ असं की 2008 च्या लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टचे पहिले नंबर ठरवणाऱ्या सोडतीत, बुल्सला 1.7 टक्के चान्सवर पहिला नंबर लागला आणि शिकागोचाच पोरगा डेरिक रोज आला. त्याच उन्हाळ्यात डेंगने सहा वर्षांचा 7 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला. आणि इथून सुरू झाला त्याच्या करिअरचा सगळ्यात वाईट भाग. मोठा पैसा मिळाला की प्रेक्षकाचा डोळा बदलतो, हे आपल्या आयपीएलमध्ये तू बघतोसच. 2008-09 मध्ये त्याच्या उजव्या पायाच्या नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. असल्या फ्रॅक्चरची पंचाईत अशी की बाहेरून काहीही दिसत नाही, सूज नाही, प्लास्टर नाही, माणूस चालतोय फिरतोय. मग लोक बोलायला लागले की हा नाजूक आहे, पैसे मिळाले आता कशाला दुखणं अंगावर काढेल. त्या वर्षी बोस्टनविरुद्धची सात मॅचची ती भन्नाट सीरिज झाली, ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम, सगळं जग बघत होतं, आणि डेंग सुटाबुटात बेंचमागे.

मी वीस-बावीस वर्षं पोरांना शिकवतोय आणि स्ट्रेस फ्रॅक्चरच्या बाबतीत मी स्वतः एकदा माती खाल्ली आहे. एक पोरगा नडगी दुखते म्हणायचा, मी म्हणालो बर्फ लाव, चल पळ. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं. तेव्हापासून कोण नाटक करतोय हे ओळखायचा धंदा मी बंद केला. डेंगबद्दल तेव्हा जे बोललं गेलं ते वाचताना मला तो पोरगा आठवतो.

आता हे माझं मत आहे, कुणाचा पुरावा नाही, पण मला वाटतं की 2009 च्या त्या बोलण्याचा डेंगवर परिणाम झाला. कारण त्यानंतर तो बसलाच नाही. काहीही झालं तरी खेळायचं, असं. आणि नेमका 2010 मध्ये कोच आला टॉम थिबोडो, ज्याला आवडता प्लेयर बाहेर काढायला जिवावर येतं. दोघांची गाठ म्हणजे काय सांगायचं, एकाला काम सांगायची हौस आणि दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

2010-11 मध्ये डेंग पुन्हा 82 च्या 82 मॅच खेळला, मॅचला 39.1 मिनिटं. एनबीएची मॅच असते 48 मिनिटांची, म्हणजे तो नऊच मिनिटं बसायचा, त्यातही दोन मिनिटं टॉवेल शोधण्यात जात असतील. पुढची दोन वर्षं, 2011-12 आणि 2012-13, मॅचला सरासरी मिनिटांमध्ये तो अख्ख्या लीगमध्ये पहिला. सलग दोन वर्षं. पॉइंटमध्ये नाही, रिबाउंडमध्ये नाही, मिनिटांमध्ये. मला कुणी त्याचं करिअर एका आकड्यात मागितलं तर मी हा देईन. आणि नुसतं उभं राहून मिनिटं भरली असंही नाही, एकीकडे त्याने कॉर्नरमधला थ्री शिकून घेतला, जो माणूस आधी थ्री मारतच नव्हता तो आता मॅचला चारेक थ्री टाकून बघायला लागला, आणि 2010-11 च्या सुरुवातीला पोर्टलंडविरुद्ध करिअरमधले सगळ्यात जास्त 40 पॉइंट काढले.

पण पॉइंट सोड. थिबोडोचा डिफेन्स समजून घे, तुला आयुष्यभर उपयोगी पडेल. समोरच्याने बाजूला पिक अँड रोल, म्हणजे बॉलवाल्यासाठी स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे धावायची चाल, खेळला की बॉलवाल्याला मधे येऊच द्यायचं नाही, साइडलाइनकडेच ढकलत ठेवायचं. मग बास्केटकडे धावणारा मोठा प्लेयर मोकळा सुटतो. त्याला कोण अडवणार? पलीकडच्या बाजूचा माणूस, म्हणजे बहुतेक वेळा डेंग. तो स्वतःचा शूटर सोडून आत यायचा, त्या मोठ्याच्या छातीवर एक धक्का द्यायचा, आणि बॉल उडून कॉर्नरकडे निघाला की परत पळत आपल्या शूटरवर. पळत जाऊन शेवटच्या दीड मीटरमध्ये छोटी छोटी पावलं, एक हात वर, ढुंगण खाली. हे झालं की पास पुन्हा फिरतो, मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. समोरच्याकडे एकदा बॉल आला की तेवढ्यात दोनदा. एकोणचाळीस मिनिटं.

आपल्या कबड्डीत बघ, रेडरचा घोटा पकडतो कॉर्नरवाला, टाळ्या त्याला, पॉइंट त्याच्या नावावर. पण मागून धावत येऊन रेडरला मिड लाइनकडे जाण्यापासून थोपवतो तो कव्हर, तो नसता तर घोटा सोडवून रेडर कधीच पळाला असता. डेंग हा कव्हर होता. डेरिक रोज त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, 22 वर्षांचा, इतिहासातला सगळ्यात लहान, टीम 62-20, लीगमध्ये नंबर एक. डेरिक चुकला तर मागे कोण आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच मी म्हणतो.

ईस्टच्या, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाच्या, फायनलला लेब्रॉनची मायामी आली. पहिली मॅच बुल्सने 103-82 अशी खिशात घातली, मग ओळीने चार हरले, शेवटच्या मॅचमध्ये तर तीनेक मिनिटं राहिलेली असताना 12 ने पुढे असून. लेब्रॉनवर डेंग होता. त्याला लेब्रॉनला थांबवता आलं का? नाही, तेव्हा कुणालाच येत नव्हतं. पण त्याची उभं राहायची पद्धत बघ, हात लावत नाही, छाती समोर, एक पाय किंचित मागे, आणि लेब्रॉनने खांदा मारला की तो मागे पडत नाही, एक पाऊल सरकून पुन्हा समोर. लेब्रॉनला शॉट मिळायचा, पण लांबून, हाताखालून, उशिरा. डिफेन्समध्ये यापेक्षा जास्त काही मिळत नसतं, हे मी पोरांना सांगून थकलो, सगळ्यांना ब्लॉकच पाहिजे.

मग 2012 चा जानेवारी. डाव्या मनगटातला लिगामेंट फाटला. डॉक्टरांचा मार्ग साधा होता, ऑपरेशन, सीझन संपला. डेंग सात मॅच बसला आणि पट्टी बांधून परत आला. तू म्हणशील उजव्या हाताने शूट करतो, डाव्याचं काय एवढं. उद्या सकाळी एक प्रयोग कर, डाव्या मनगटाला क्रेप बँडेज घट्ट बांध आणि पन्नास शॉट मार. डावा हात बॉलला नुसता धरतो असं वाटतं, पण बॉल सरळ जातो तो त्याच्यामुळे. पास झेलताना पहिला धक्का त्याच हाताला. रिबाउंडला दोन्ही हात वर. पडलास तर टेकायला तोच हात. हे सगळं त्याने फाटक्या लिगामेंटवर केलं, त्याच सीझनमध्ये, ज्यात तो मिनिटांमध्ये पहिला आला. त्याच वर्षी ऑल-स्टार, म्हणजे निवडक प्लेयर्सच्या दरवर्षीच्या मॅचसाठी निवडला गेला आणि ऑल-डिफेन्सिव्ह दुसऱ्या संघातपण आला. ऑल-स्टारमधली पहिली पाच नावं लोकांच्या मतांवर ठरायची, राखीव प्लेयर कोच मंडळी निवडायची. डेंग 2012 ला राखीव, 2013 लाही राखीव. पब्लिकला दिसत नव्हता आणि समोरच्या कोचला बरोबर दिसत होता, तुझ्या हायलाइटवाल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्या उन्हाळ्यात तरी ऑपरेशन करायचं ना? नाही केलं. कारण लंडन ऑलिंपिक. ब्रिटनची टीम यजमान म्हणून खेळणार होती आणि ज्या शहराने आपल्याला थारा दिला तिथे ऑलिंपिक आहे म्हटल्यावर हा माणूस घरी बसणार नव्हता. क्लबला हे फारसं रुचलं नाही, आणि क्लबच्या बाजूनेही बघायला पाहिजे, कोट्यवधी डॉलर ते देत होते. ब्रिटन पाचपैकी एकच मॅच जिंकलं, चीनला 90-58 ने, पण स्पेनसारख्या टीमला त्यांनी 79-78 पर्यंत खेचलं होतं. ब्रिटनमध्ये तरीही बास्केटबॉलला कुणी विचारत नाही, पुढे 2014 मध्ये सरकारी मदत कापली गेली तेव्हा डेंगनेच पंतप्रधान कॅमेरून यांना जाहीर पत्र लिहिलं होतं.

तोवर शिकागोत दुर्दैव ठाण मांडून बसलं होतं. एप्रिल 2012 मध्ये प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला, जिंकत आलेली मॅच, डेरिक रोजचा गुडघा गेला. पुढचं अख्खं वर्ष डेरिक नाही. त्या वर्षी आपल्याकडे सोनी सिक्सवर मॅच यायला लागल्या होत्या, तिकडे संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा, मी प्रॅक्टिसला जायच्या आधी पहिला हाफ बघायचो आणि पोरं कोर्टवर माझी वाट बघत बसायची. डेरिक रोज नसलेली ती टीम मला सगळ्यात जास्त आवडते. नोआ, डेंग, बूझर, हाइनरिक, आणि त्या वर्षी स्वस्तात आणलेला एक बुटका गार्ड, नेट रॉबिन्सन! ज्याच्या पिकच्या बदल्यात डेंग आला होता तोच आता डेंगच्या शेजारी.

2013 च्या प्लेऑफमध्ये ब्रुकलिनविरुद्ध चौथी मॅच तीन ओव्हरटाइमला गेली, रॉबिन्सनने 34 काढले. आणि सीरिज ऐन रंगात असताना डेंग आजारी पडला. बाहेर आधी आलं ते फ्लूसारखं काहीतरी आहे म्हणून. मेंदूज्वराचा संशय आला म्हणून पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं, मेंदूज्वर निघाला नाही, पण त्या तपासणीनेच तब्येत अजून बिघडली, भयंकर डोकेदुखी, उलट्या, सहा-सात किलो वजन उतरलं. आणि काय सांगू, पुन्हा तीच कुजबुज, 2009 वाली. त्याने स्वतः लोकांना सांगितलं की मी मरणाच्या दारात आहे असं वाटत होतं म्हणून नाही खेळलो, नाहीतर मला बसायची हौस नाही. हे शब्द माझे, आशय त्याचा. मनगट फाटलेलं घेऊन खेळणाऱ्या, सलग दोन वर्षं मिनिटांमध्ये लीगमध्ये पहिल्या आलेल्या माणसाला हे सांगावं लागलं. त्याच्याशिवाय बुल्सने सातवी मॅच ब्रुकलिनमध्ये जाऊन जिंकली, नोआने एका पायावर जिंकली म्हणायला हरकत नाही, पण पुढे मायामीने चिरडलं.

2013-14 ला करारातलं शेवटचं वर्ष. डेरिक रोज परत आला आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा गुडघा गेला. डेंग तेव्हा 28 वर्षांचा, मॅचला 19 पॉइंट, त्याच्या बुल्समधल्या सगळ्या सीझनपेक्षा जास्त. क्लबने तीन वर्षांचे साधारण 3 कोटी डॉलर पुढे केले, तो नाही म्हणाला, आणि जानेवारी 2014 मध्ये त्याला क्लीव्हलंडला पाठवलं. बदल्यात आला अँड्र्यू बायनम आणि काही पिक. बायनमला बुल्सने एक मॅचही खेळवला नाही, लगेच सोडून दिला, कारण त्याच्या करारातले उरलेले पैसे द्यावे लागणार नव्हते आणि लक्झरी टॅक्स, म्हणजे पगाराची मर्यादा ओलांडली की लीगला भरायचा दंड, वाचणार होता. म्हणजे खरा व्यवहार खेळाडूचा नव्हताच, हिशेबाच्या वहीचा होता. जोकिम नोआ त्यानंतर काही दिवस पत्रकारांशी बोलला नाही.

आणि ते पिक? त्यातला मुख्य होता सॅक्रामेंटोचा, त्यावर इतक्या अटी होत्या की तो घसरत घसरत 2017 मध्ये दुसऱ्या राउंडचा अडतिसावा पिक झाला. त्यावर बुल्सने जॉर्डन बेलला निवडलं आणि त्याच रात्री 35 लाख डॉलर रोख घेऊन गोल्डन स्टेटला विकलं. 637 मॅच, क्लबच्या इतिहासात जॉर्डन, पिपेन आणि बॉब लव्ह यांच्यानंतर तोवरचे सगळ्यात जास्त पॉइंट, आणि शेवटी हातात काय तर वाचलेला टॅक्स आणि एक चेक. क्लबची बाजूही सांगतो, तिशीकडे झुकलेला, मिनिटांनी झिजलेला प्लेयर, त्याला मोठा करार देणं धोक्याचं होतं, आणि पुढे तसंच झालं. मायामीत दोन बरी वर्षं काढली, मग लेकर्सने चार वर्षांचे 7 कोटी 20 लाख दिले आणि 2017-18 मध्ये तिथे तो संपूर्ण सीझनमध्ये एक मॅच खेळला. तेरा मिनिटं. त्याला झिजवलं कुणी, हा प्रश्न मात्र तेव्हा शिकागोत कुणी फार जोरात विचारला नाही. थिबोडोनेच शेवटी त्याला मिनेसोटाला बोलावून घेतला, ते बरं केलं.

ऑक्टोबर 2019 मध्ये तो परत शिकागोला आला, बुल्सबरोबर नावापुरती सही केली आणि बुल्सचा प्लेयर म्हणून रिटायर झाला. आता दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल फेडरेशनचा अध्यक्ष आहे, 2011 मध्ये जन्मलेला देश, 2023 ला वर्ल्ड कप आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला गेला. पॅरिसच्या आधी लंडनमध्ये सरावाची मॅच झाली, अमेरिकेला एका पॉइंटने जिंकता आली, 101-100, आणि बेंचवर डेंग. ब्रिक्स्टन तिथून काही फार लांब नाही.

तर आता तुला काम देतो. 2007 ची मायामीविरुद्धची पहिली प्लेऑफ मॅच आणि 2011 ची ईस्ट फायनलची पहिली मॅच, दोन्ही पूर्ण शोध, क्लिप नको. पहिल्या क्वार्टरला बॉल बघायचाच नाही, फक्त नऊ नंबरची जर्सी, म्हणजे डेंग. मोबाईलवर नको, घरच्या टीव्हीवर लाव, म्हणजे कॉर्नरमधला माणूस दिसेल. एका कागदावर दोन रेघा मार, एका बाजूला तो किती वेळा आत हेल्पला गेला, दुसऱ्या बाजूला किती वेळा वेळेत परत पोचला. शनिवारी येताना तो कागद घेऊन ये आणि डाव्या मनगटाला क्रेप बँडेजपण आण.